बर्फाने न पुसलेली पाटी

शाळेच्या भूगोलात आपण सगळ्यांनी एक वाक्य पाठ केलेलं असतं. नदी 'व्ही' आकाराची दरी खोदते आणि हिमनदी 'यू' आकाराची. परीक्षेत दोन आकृत्या काढायच्या, दोन मार्क घ्यायचे, विषय संपला. त्या आकृत्यांच्या मागे एक भलामोठा प्रश्न आहे, पण तो काही कुणी विचारत नाही. हिमनदीने डोंगर खरवडला हे कबूल. पण किती खरवडला? हजार वर्षांत एक मिलिमीटर की एक मीटर? आणि सगळीकडे सारखाच का? बर्फ तर कधीच वितळून गेला. खरवडलेला चुरा नद्यांमधून समुद्रात गेला. साक्षीला कुणी नाही. मग हा हिशेब मांडायचा कशावरून?

गेल्या चाळीस वर्षांत हा हिशेब मांडायची एक रीत तयार झाली आहे. ती फार सुंदर आहे, आणि तिची एक मुळी थेट मुंबईत, गेटवे ऑफ इंडियाजवळ पोचते. म्हणून म्हटलं, याच्यावर लिहायलाच हवं. थोडं लांबेल, चहा घेऊन बसा.

हिमयुग ही कल्पनाच मुळात फार जुनी नाही. १८३७ साली स्वित्झर्लंडमधल्या नॉयशातेल गावी निसर्गशास्त्रज्ञांची सभा भरली होती. लुई अगासी हा तेव्हा माशांच्या जीवाश्मांचा मोठा जाणकार. लोकांना वाटलं, मासे ऐकायला मिळणार. त्याने काढला बर्फ! एकेकाळी युरोपचा मोठा भाग बर्फाखाली होता, असं त्याने तिथे ठासून सांगितलं. १८४० मध्ये त्याचं पुस्तक आलं आणि त्याच वर्षी तो स्कॉटलंड फिरून आला. तिथे आज एकही हिमनदी नाही, पण खडकांवरचे ओरखडे आणि दगडगोट्यांचे ढिगारे पाहून त्याची खात्रीच पटली.

हळूहळू लोकांनी बर्फ मान्य केला. पण बर्फ होता हे मान्य करणं वेगळं आणि बर्फाने डोंगर कोरले हे मान्य करणं वेगळं. १८६२ मध्ये अँड्र्यू रॅम्से या भूशास्त्रज्ञाने लंडनमध्ये निबंध वाचला, की आल्प्समधल्या तळ्यांचे खळगे हिमनद्यांनीच कोरले आहेत. त्यावर मोठं रणकंदन झालं. रॉडरिक मर्चिसनसारखे बडे भूशास्त्रज्ञ विरोधात गेले. जॉन रस्किन हा कलासमीक्षक, पण डोंगरांवर त्याचं भारी प्रेम. तोही विरोधकांच्याच बाजूला. पुढे या वादाचे सरळ दोन पक्ष पडले. एक पक्ष म्हणे, बर्फ म्हणजे किसणी. तळाशी अडकलेले दगडगोटे घेऊन ती डोंगर किसत जाते. दुसरा पक्ष म्हणे, बर्फ म्हणजे पांघरूण. ऊन, पाऊस, वाहतं पाणी यांच्यापासून तो खालच्या जमिनीला उलट जपतो.

विसाव्या शतकात किसणीवाल्यांची सरशी झाली. नॉर्वेतला सोग्नेफ्योर्ड समुद्रसपाटीखाली सुमारे १३०० मीटर खोल आहे. अशी खोदाई समोर दिसत असताना पांघरुणाची गोष्ट कोण ऐकणार?

पण काही जागा या सिद्धान्तात नीट बसत नव्हत्या. स्कॉटलंडमधला केर्नगॉर्म्स हा डोंगरभाग त्यातलाच. ग्रॅनाइटचं उंच पठार, त्यावर बेन मॅक्डुई हे १३०९ मीटरचं शिखर. या पठाराला मध्येच चिरत गेलेल्या खोल 'यू' आकाराच्या दऱ्या आहेत. लॉख एव्हन हे तळं अशाच एका दरीत आहे. कडे सरळसोट, तळ खरवडलेला, म्हणजे बर्फाने इथे मनसोक्त काम केलंय. आणि दरीतून वर पठारावर आलं की काय दिसतं? टॉर! टॉर म्हणजे ग्रॅनाइटच्या शिळा एकावर एक रचून ठेवाव्यात तसे उभे खडक. हंपीला गेला असाल तर तिथल्या शिळांच्या उतरंडी आठवा, साधारण त्याच जातीचं प्रकरण. ग्रॅनाइट जमिनीत भेगांच्या कडेने हजारो-लाखो वर्षं सडत राहतो, सडलेला भुगा निघून जातो आणि टणक गाभा वर उभा राहतो. बाजूच्याच दरीत शेकडो मीटर खडक कापणाऱ्या बर्फाने पठारावरच्या या उतरंडींना धक्कासुद्धा लावला नाही, असं कसं?

यावर सोपं उत्तर होतं. बर्फ तिथपर्यंत चढलाच नसेल, पठार बर्फाच्या वर डोकं काढून राहिलं असेल. डेव्हिड सग्डेन याने १९६८ मध्ये दुसरं उत्तर दिलं. त्याचं म्हणणं, बर्फ पठारावरही होता, पण त्याने निवडून झीज केली. दरीत खरवडलं, पठारावर नाही. सग्डेनचं म्हणणं पटण्यासारखं होतं, पण सिद्ध कसं करणार? दगडाला विचारायची सोय नव्हती.

आता जरा वेळ स्कॉटलंड सोडू आणि आभाळाकडे बघू, कारण ही सोय तिकडून आली.

ऑगस्ट १९१२ मध्ये व्हिक्टर हेस हा ऑस्ट्रियन शास्त्रज्ञ मोजमापाची उपकरणं घेऊन बलूनमधून ५३०० मीटरच्या आसपास चढला. जमिनीपासून दूर जाऊ तसं किरणोत्साराचं प्रमाण कमी व्हायला हवं, पण ते वाढत गेलं. म्हणजे हे किरण वरून, अवकाशातून येत होते. हेच विश्वकिरण. हेसला याबद्दल १९३६ चं नोबेल मिळालं. हे किरण म्हणजे प्रचंड वेगाने येणारे कण, मुख्यतः प्रोटॉन. ते वातावरणातल्या अणूंवर आपटले की न्यूट्रॉनसारख्या कणांचा सडा पडतो. हे न्यूट्रॉन पुढे ज्या अणूवर आपटतील त्याचे तुकडे करतात आणि त्यातून एरवी निसर्गात जवळजवळ न सापडणारे काही अणू तयार होतात. कार्बन-१४ सगळ्यांनी ऐकलेला असतो. त्याचाच एक भाऊबंद म्हणजे बेरिलियम-१०.

आणि इथे मुंबई येते.

टाटा मूलभूत संशोधन संस्था, म्हणजे टीआयएफआर, तेव्हा कुलाब्याच्या आजच्या इमारतीत नव्हती. गेटवेजवळच्या जुन्या यॉट क्लबच्या वास्तूत होती. तिथे होमी भाभांनी बर्नार्ड पीटर्स यांना बोलावून घेतलं. पीटर्स मूळचे जर्मनीतले, नंतर अमेरिकेत ओपेनहायमरचे विद्यार्थी. विश्वकिरणांमध्ये जड अणूंची केंद्रकंही असतात, या १९४८ च्या शोधात त्यांचा वाटा होता. पण अमेरिकेत तो कम्युनिस्ट म्हणून माणसं हेरण्याचा काळ. १९४९ मध्ये ओपेनहायमरने चौकशी समितीपुढे त्यांच्याविरुद्ध साक्ष दिली, ती वर्तमानपत्रात फुटली, आणि तिकडे काम करणं पीटर्सना अवघड होऊन बसलं. अमेरिकेने त्यांना नको म्हटलं आणि फायदा आपला झाला!

पीटर्स यांच्या हाताखाली देवेंद्र लाल नावाचा तरुण होता. १९२९ मध्ये वाराणसीत जन्मलेला. विश्वकिरणांनी तयार होणारे अणू पृथ्वीवर कुठे कुठे सापडतील, याचा या मंडळींनी माग काढायला घेतला. पावसाच्या पाण्यात बेरिलियम शोधलं, खोल समुद्राच्या गाळात बेरिलियम-१० शोधलं. १९५६-५७ च्या सुमारास मुंबईचा हा गट आणि अमेरिकेत जेम्स अरनॉल्ड, दोघांनीही स्वतंत्रपणे समुद्राच्या गाळात ते असल्याचं दाखवलं. पुढे लाल आणि पीटर्स यांनी १९६७ मध्ये या सगळ्या विषयाचा एक मोठा आढावा लिहिला. कोणत्या उंचीवर, कोणत्या अक्षांशावर, कोणता अणू किती तयार होतो याचा तो हिशेब होता. नंतरच्या पिढ्यांनी तो वर्षानुवर्षं वापरला.

वातावरणात जे होतं तेच खडकातही होतं, हे तत्त्व तेव्हाही माहीत होतं. गारगोटी म्हणजे सिलिकॉन आणि ऑक्सिजन. तिच्यातल्या ऑक्सिजनवर न्यूट्रॉन आपटला तर बेरिलियम-१०, सिलिकॉनवर आपटला तर ॲल्युमिनियम-२६. मग खडक किती काळ आभाळाखाली उघडा आहे हे मोजायला तेव्हाच का सुरुवात झाली नाही? कारण प्रमाण अगदीच नगण्य. समुद्रसपाटीला एक ग्रॅम गारगोटीत वर्षाला बेरिलियम-१० चे फक्त चार अणू तयार होतात. चार! समजा एका ग्रॅममध्ये एक लाख अणू साठले आहेत. बेरिलियम-१० चं अर्धायुष्य सुमारे १३ लाख ९० हजार वर्षं. म्हणजे त्या लाखातला एक अणू फुटायला साधारण वीस वर्षं लागणार. अणू फुटण्याची टिकटिक मोजून वय काढायचं म्हटलं तर माणूस निवृत्त होईल, टिकटिक दोनदा होईल.

१९७० च्या दशकाच्या शेवटी अणुभौतिकीसाठी बांधलेले त्वरक या कामाला जुंपले गेले. अणू फुटायची वाट बघायचीच नाही, थेट अणूच एकेक करून वेगळे काढून मोजायचे. मग दारं उघडली. १९८६ मध्ये 'नेचर'मध्ये एक निबंध आला. गारगोटीत जागच्या जागी तयार झालेलं बेरिलियम-१० आणि ॲल्युमिनियम-२६, आणि त्यावरून निघणारे झिजेचे वेग. लेखकांत पहिलं नाव कुनिहिको निशिइझुमी यांचं, आणि पुढे देवेंद्र लाल आणि जेम्स अरनॉल्ड दोघेही. तीस वर्षांपूर्वी पृथ्वीच्या दोन टोकांना बसून समुद्राच्या गाळात एकच अणू शोधणारी माणसं आता एका निबंधावर होती. १९९१ मध्ये लाल यांनी एकट्याच्या नावावर अजून एक निबंध लिहिला, उघड्या खडकाची झीज या अणूंवरून कशी काढायची याचा. या क्षेत्रातला कुठलाही विद्यार्थी आजही तिथूनच सुरुवात करतो.

आता ही रीत नेमकी चालते कशी ते सांगते. गणिताला घाबरणाऱ्यांनी पळू नका, उन्हात रापणं एवढंच लक्षात ठेवायचं आहे.

आपण उन्हात राबलो की कातडी रापते. जितके दिवस ऊन, तितका रंग गडद. खडक विश्वकिरणांत तसाच 'रापतो', फक्त रंगाऐवजी त्यात बेरिलियम-१० साठत जातं. पण किरण फार खोल जात नाहीत. दर ६० सेंटिमीटर खाली गेलं की अणू तयार होण्याचा वेग साधारण एक तृतीयांशावर येतो. १८० सेंटिमीटरवर विसावा हिस्सा उरतो आणि तीन मीटरवर एक टक्काही नाही. (म्युऑन नावाचे कण अजून खोल जातात, पण त्यांचा वाटा लहान.) म्हणजे खडकाचं रापणं हे वरच्या दोन-तीन मीटरच्या कातडीपुरतं. ती कातडी कुणी सोलून काढली की खालचा खडक कोराच्या कोरा.

जिथे बर्फ कधी आलाच नाही, तिथे हिशेब सोपा. खडक वरून सावकाश झिजतोय, खालचा वर येतोय, येता येता रापतोय. अशा खडकात ढोबळमानाने ६० सेंटिमीटर झिजायला जितका काळ लागतो तितक्या काळाचा साठा सापडतो. साठा ६० हजार वर्षांचा निघाला तर झीज हजार वर्षांना १० मिलिमीटर. साठा जास्त म्हणजे झीज कमी.

बर्फ येऊन गेलेल्या प्रदेशात मात्र ही सोय नाही. तिथे झीज एका लयीत झालेलीच नाही. लाखभर वर्षं सावकाश, मग काही हजार वर्षं बर्फाचा तडाखा, मग पुन्हा सावकाश. आणि बर्फ अंगावर असताना किरण पोचत नाहीत, म्हणजे रापणं बंद. मग इथे विचार उलटा करावा लागतो. बर्फ समजा १५ हजार वर्षांपूर्वी गेला. त्याने पाटी स्वच्छ पुसली असेल तर खडकात बरोबर १५ हजार वर्षांचा साठा हवा. मोजल्यावर निघाला २० हजार वर्षांचा. हे वरचे पाच हजार कुठून आले? ते बर्फाच्या आधीच्या रापण्यातले, सोलून काढताना उरलेले. समजा आधीचा साठा एक लाख वर्षांचा होता. त्यातला विसावा हिस्सा उरला, म्हणजे १८० सेंटिमीटर खडक गेला. बर्फ तिथे दहा हजार वर्षं बसला होता असं धरलं, तर हजार वर्षांना १८ सेंटिमीटर. झाला हिशेब! (आकडे समजण्यापुरते घेतले आहेत, पण रीत हीच.)

गंमत अशी, की या उरलेल्या अणूंना शास्त्रज्ञ 'वारसा' म्हणतात आणि सुरुवातीला सगळे त्याच्या नावाने खडे फोडत. बर्फ कधी गेला एवढंच ज्याला काढायचं आहे, त्याच्यासाठी हा वारसा म्हणजे हिशेबातली चूक. वय उगाच जास्त येतं. पण बर्फाने किती खरवडलं हे ज्याला काढायचं आहे, त्याच्यासाठी सगळी माहिती त्या वारशातच आहे.

आता परत केर्नगॉर्म्सला जाऊ. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात तिथल्या टॉरच्या माथ्यावरचा ग्रॅनाइट मोजला होता. अभ्यास करणाऱ्यांत स्वतः सग्डेनही होता, १९६८ च्या निबंधानंतर ३८ वर्षांनी. टॉरमधला साठा ५० हजारांपासून ३ लाख वर्षांपर्यंतचा निघाला. झीज म्हणाल तर हजार वर्षांना साधारण ३ ते १२ मिलिमीटर. आणि त्याच भागात बर्फाने वाहून आणून टाकलेले सुटे धोंडे? त्यांचं वय आलं १५ हजार वर्षांच्या आसपास. दोन्ही आकडे शेजारी ठेवून बघा. बर्फ तिथे होता, नाहीतर परके धोंडे आणून कोण टाकणार? आणि तरीही शेजारचा टॉर त्याच्या कितीतरी आधीपासून उभा आहे. सग्डेनचं म्हणणं दगडाने मान्य केलं.

उत्तर स्वीडनमध्ये पार्कायोकी नावाचा भाग आहे, तिथलं उदाहरण तर याहून पुढचं. तिथे स्कँडिनेव्हियावरच्या बर्फाची चादर वारंवार येऊन गेली. २००२ मध्ये तिथल्या टॉरमध्ये बेरिलियम आणि ॲल्युमिनियम दोन्ही मोजले गेले. दोन का, तर ॲल्युमिनियम-२६ दुप्पट वेगाने संपतं, त्याचं अर्धायुष्य सुमारे सात लाख वर्षं. उघड्यावर दोघांचं प्रमाण साधारण पावणेसातास एक असतं. खडक बर्फाखाली गेला की नवीन अणू बंद, जुने संपत राहतात, आणि ॲल्युमिनियम आधी घटतं. म्हणजे प्रमाण घसरलेलं दिसलं की समजायचं, हा खडक उघडा होता, मग गाडला गेला होता. एका घड्याळात नुसतं वय कळतं, दोन घड्याळांत मधे किती काळ घड्याळ कपाटात होतं तेही कळतं. पार्कायोकीच्या टॉरचा इतिहास अशा तऱ्हेने किमान सहा लाख वर्षांचा निघाला. अनेक हिमयुगं डोक्यावरून गेली आणि हे खडक तिथेच.

हे होतं कसं? बर्फाची चादर जाड असली की ती गोधडीसारखी पृथ्वीची आतली ऊब धरून ठेवते, वरून प्रचंड दाब असतो, आणि तळाचा बर्फ वितळायला लागतो. तळ ओला झाला की बर्फ घसरतो आणि दगडगोट्यांसकट खडक किसतो. हे होतं दऱ्यांत. पठारावर बर्फ पातळ, थंडी कडाक्याची, तळ खडकाला गोठून चिकटलेला. तिथे बर्फ हलतो तो वरच्यावर, स्वतःच्या आतल्या आत. खालचा खडक जागचा हलत नाही. म्हणजे किसणीवाले खरे आणि पांघरूणवालेही खरे. एकाच डोंगरावर, एकाच काळात, काही किलोमीटरच्या अंतरात. इतकी वर्षं दोन्ही पक्ष आपापली दरी आणि आपापलं पठार दाखवून भांडत होते.

या रीतीच्या मर्यादाही सांगायला हव्यात. लॉख एव्हनसारख्या खोल दरीच्या तळाशी वारसा शून्य निघाला तर एवढंच कळतं, की निदान तीन मीटर खडक गेला. तीन गेला की तीनशे, हे अणू सांगू शकत नाहीत. ते दरीच्या आकारावरूनच बघावं लागतं. नदीची वाळू मोजून अख्ख्या खोऱ्याची सरासरी झीज काढायची युक्ती १९९० च्या दशकात आली, पण बर्फाच्या प्रदेशात तीही फसवते. बर्फाने खोलवरून उकरून काढलेला चुरा अजून दऱ्यांत पडून असतो. त्यात अणू कमी, म्हणून झीज फार जोरात चालू आहे असा भास होतो. आणि ते वर्षाला चार अणू? तो आकडासुद्धा सहजी मिळाला नाही. १९८९ मध्ये तो काढला कॅलिफोर्नियातल्या सिएरा नेवाडा पर्वतातल्या, हिमनदीने घासून गुळगुळीत केलेल्या खडकांवरून, आणि तेव्हा तो सहा आला. बर्फ तिथून कधी गेला याची तारीख पुढे मागे सरकली, इतर ठिकाणीही मोजमापं झाली, आणि सहाचे चार झाले. म्हणजे जुन्या निबंधांतली वयं दीडपट झाली आणि झिजेचे वेग एक तृतीयांशाने उतरले. जुना निबंध वाचताना आधी हा आकडा बघायचा असतो.

अलीकडे कार्बन-१४ ही मदतीला आला आहे. हाडा-लाकडातला नव्हे, गारगोटीतच तयार होणारा. त्याचं अर्धायुष्य ५७३० वर्षं. खडक पंचवीस-तीस हजार वर्षं बर्फाखाली राहिला की त्याची जुनी आठवण जवळजवळ पुसली जाते. त्यामुळे बेरिलियम जुन्या गोष्टी सांगत बसलं, तरी कार्बन फक्त अलीकडचं बोलतो. दोघांची जबानी एकत्र घेतली की बर्फ कधी गेला तेही कळतं आणि त्याने किती खरवडलं तेही.

हे सगळं मी एकदा आमच्या मावशीला उत्साहाने सांगत होते. (ती इथलं सगळं वाचते, त्यामुळे मावशी, नमस्कार.) तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "अगं, पण दगड किती झिजला हे कळून करायचंय काय?"

प्रश्न अगदी रास्त आहे. त्याचं उत्तर ग्रीनलंडमध्ये आहे.

ग्रीनलंडच्या बर्फाच्या चादरीत, तिच्या जवळजवळ सर्वात उंच जागी, अमेरिकन शास्त्रज्ञांनी वर्षानुवर्षं छिद्र पाडलं. १९९३ च्या जुलैत ते ३०५३ मीटरवर पोचले. बर्फ संपला तरी थांबले नाहीत, तळाच्या खडकाचाही दीड मीटरचा तुकडा काढून आणला. २०१६ मध्ये, म्हणजे २३ वर्षांनी, त्या तुकड्यातल्या बेरिलियम आणि ॲल्युमिनियमचे आकडे 'नेचर'मध्ये आले. खडक रापलेला होता! तीन किलोमीटर बर्फाखाली विश्वकिरण पोचणं शक्यच नाही. म्हणजे त्या जागी कधीतरी उघडं आकाश होतं. हिशेब असा निघाला, की गेल्या १४ लाख वर्षांत ती जागा एकूण किमान २ लाख ८० हजार वर्षं बर्फाविना होती. आणि जिथे बर्फ सर्वात जाड तिथेच तो नव्हता, तर बाकीच्या ग्रीनलंडवरही फारसा नसणार.

आता झिजेचा मुद्दा बघा. तिथला बर्फ तळाला खडकाला गोठून चिकटलेला आहे. त्याने जर दरीतल्या बर्फासारखी किसणी चालवली असती, तीनच मीटर खरवडलं असतं, तर ती रापलेली कातडी केव्हाच गेली असती आणि खडक कोरा निघाला असता. आपण म्हटलं असतं, ग्रीनलंडचा बर्फ कायमचा आहे, काळजी नको. तिथला बर्फ किती खरवडतो आणि किती जपतो हे कळल्याशिवाय त्या आकड्यांचा अर्थच लागत नाही. म्हणून दगडाची झीज मोजायची, मावशी.

ग्रीनलंडवरचा सगळा बर्फ वितळला तर जगभरच्या समुद्राची पातळी सरासरी ७.४ मीटर वाढेल. हे एका रात्रीत होणार नाही, शतकं लागतील. पण "असं होऊच शकत नाही" असं म्हणायची सोय त्या दीड मीटरच्या खडकाने काढून घेतली आहे. पूर्वी झालेलं आहे, आणि तेही माणसाने धूर सोडायच्या कितीतरी आधी. आता तर आपली भर आहे. टीआयएफआरची आजची इमारत कुलाब्याला अगदी समुद्राच्या काठावर उभी आहे. मला हे वाचताना सारखी तीच आठवत होती.

देवेंद्र लाल पुढे अहमदाबादच्या भौतिक संशोधन प्रयोगशाळेचे संचालक झाले, कॅलिफोर्नियातल्या स्क्रिप्स संस्थेत त्यांनी दीर्घकाळ काम केलं, आणि २०१२ च्या डिसेंबरमध्ये ते गेले. ग्रीनलंडचा निकाल त्यांना बघायला मिळाला नाही. पण त्या निकालामागचं गणित त्यांच्याच १९९१ च्या निबंधावर उभं आहे. आपल्याकडे शास्त्रज्ञ म्हटलं की चार-पाच ठरलेली नावं घेतली जातात. त्यात हे नाव फारसं कुणी घेत नाही, म्हणून मुद्दाम इथे लिहून ठेवते.

असो. खूपच लांबलं. तिकडे इंग्लंड-स्कॉटलंडला असलेल्या भाचेमंडळींना एकच सांगणं. सुट्टीत केर्नगॉर्म्सला गेलात तर दरीत तळ्याकाठी फोटो काढून परत फिरू नका. हवामान बघून, नीट तयारीने वर पठारावर जा आणि एखाद्या टॉरच्या ग्रॅनाइटवर हात ठेवून बघा. खडबडीत लागेल. हिमयुगं येऊन गेली तेव्हाही तो तिथेच उभा होता. आणि हो, आठवण म्हणून त्याचा तुकडा फोडून आणू नका. हजार वर्षांत पाच-दहा मिलिमीटर झिजणारा दगड आहे तो, तुमच्या एका हातोडीत त्याची दोन-तीन हजार वर्षं जातील.